अक्कांचा डावा हात

माझ्या सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. आधी त्यांचे धाकटे भाऊ म्हणत, मग मुलं, मग आम्ही सुना, आणि शेवटी दूध घालणारा गवळीसुद्धा. एक्याऐंशीव्या वर्षी, पहाटे सामायिकाला बसल्या असताना त्यांच्या हातातली माळ गळून पडली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि गिळणंही गेलंय हे आम्हाला जरा उशिरा कळलं. कुणीतरी मायेनं चमचाभर पाणी पाजलं, ते थोडं ठसक्यानं बाहेर आलं आणि थोडं भलत्या वाटेनं आत गेलं. मग बेळगावच्या दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली. रायल्स ट्यूब. तिथल्या सिस्टर नुसतं ‘आरटी’ म्हणत.

डावा हात मात्र शाबूत होता. त्या हातानं अक्कांनी पहिल्या रात्री नळी उपटली, दुसऱ्या रात्री उपटली. तिसऱ्या वेळी नाकातून रक्त आलं. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तर डावा हात पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधलेला. मनगटावर लाल वळ. माझा तोल गेला, मी सिस्टरना वाटेल ते बोलले. ती पोरगी पंचवीस वर्षांची नसेल. ती म्हणाली, “मावशी, रात्री बावीस पेशंट आणि आम्ही दोघी. तुम्हीच सांगा, मी काय करायचं?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं, तरी राग होताच. पुढे महिनाभरानं अक्कांच्याच मऊ जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी स्वतः तो हात पलंगाला बांधला, तेव्हा तिची आठवण झाली. माफी मागायला गेले नाही. जायला हवं होतं.

लहानपणी दशलक्षणात आम्हाला पाठशाळेत तत्त्वार्थसूत्र पाठ करायला लावत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. गुरुजी समजावून सांगायचे ते बैलांवरून. जनावराला आखूड दाव्यानं बांधू नये, मारू नये, नाक-कान कापू नयेत, झेपेना इतकं ओझं घालू नये, आणि त्याचा चारा-पाणी अडवू नये. आमच्याकडे बैल होते, त्यामुळे आम्हा पोरांना ते लगेच पटायचं. शेतकरी माणसांचा धर्म, शेतकऱ्यांचीच उदाहरणं. घरातल्या माणसालाही हे लागू होईल असं कधी डोक्यातही आलं नाही.

आता रोज रात्री मी त्या यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या शब्दाच्या मधोमध उभी असे. हात बांधला तर बंध. सोडला तर नळी निघणार, म्हणजे अन्नपाननिरोध. शास्त्र म्हणतं दोन्ही करू नकोस. नळी म्हणते दोन्हीपैकी एक कर.

यावर पटकन सुचणारं उत्तर मला ठाऊक आहे. बांधण्यामागे हेतू चांगला असला की दोष नाही. डॉक्टर सुरी चालवतो तेव्हा तो काही छेद करत नाही. खरंच आहे, हिंसेची आपली व्याख्याच ‘प्रमत्तयोगा’पासून सुरू होते. बेपर्वाईनं, कषायानं प्राण दुखावले तर हिंसा. पण हे उत्तर मला पुरेना. हेतू चांगला म्हणून मी पट्टी बांधत होते हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की मला झोप हवी होती. दिवसभर ओणवं राहून कंबर धरलेली असे, रात्री दोन तास पाठ टेकावी म्हणून मी ती गाठ मारत असे. हेतू आणि सोय एकाच गाठीत असतात, आणि बांधणाऱ्याला ती कधीच वेगळी करून दाखवता येत नाहीत.

या विषयावर लिहायचं तर नळीचं काम काय असतं तेही सांगायला हवं. आपल्या पुष्कळ घरांत आज ते चाललंय आणि बहुतेक ठिकाणी ते एखादी सून किंवा लेकच करते. दवाखान्यातून घरी सोडताना एका वयस्क सिस्टरनं मला ते दोन दिवसांत शिकवलं. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून नळी घातलेली असते. नाकपुडीशी जी खूण असते ती प्रत्येक वेळी बघायची. खूण सरकली असेल तर काहीही घालायचं नाही, कारण नळी पोटात आहे की श्वासाच्या वाटेवर, हे बाहेरून दिसत नाही. घालताना माणूस तीस ते पंचेचाळीस अंशांत उठवलेला हवा आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास तसाच ठेवायचा. आधी थोडं कोमट पाणी, मग पेज, मग पुन्हा तीसेक मिली पाणी, म्हणजे नळी चोंदत नाही. सिरिंजचा दट्ट्या दाबायचा नाही, दट्ट्या काढून सिरिंज वर धरायची आणि आपल्या वजनानं जेवढं उतरेल तेवढं उतरू द्यायचं. गोळ्या एकेक वेगळ्या कुटायच्या, पेजेत मिसळायच्या नाहीत, आणि काही गोळ्या कुटायच्याच नसतात, त्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायच्या. तोंडानं काही खात नसलं तरी तोंड दिवसातून चार-पाच वेळा पुसायचं, उलट जास्तच, कारण न वापरलेलं तोंड लवकर घाण होतं.

नाचणीची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, दूध, ताक, सगळं फडक्यातून गाळून द्यायचं. आहारतज्ज्ञ बाईंनी अंड्याचा बलक सोडून पांढरं घाला म्हणून सुचवलं, आम्ही नाही म्हटलं, त्यांनी सोयाबीन आणि दूध पावडरीचा हिशेब करून दिला. तो प्रश्न तिथंच मिटला. आपल्याला वाटतं तितक्या अडचणी धर्म आणि दवाखाना यांच्यात नसतात. घरी केलेली पेज बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायची नाही असं सिस्टरनं सांगितलं तेव्हा माझ्या जाऊबाई म्हणाल्या, “म्हणजे मर्यादा की!” अक्कांनी सारा जन्म दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं, गाळल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटांनी ते पुन्हा गाळलं. हे काम त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमलं असतं. भांडं उचलताना बघून उचल, ठेवताना बघून ठेव, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवलं आणि मी त्याला मनातल्या मनात जाच म्हणत असे. आदाननिक्षेपण समिती हे त्याचं नाव. नळीजवळ बसल्यावर कळलं, चांगली नर्स दुसरं काय करते?

सलाइनबद्दल मात्र आमचा मोठाच गैरसमज होता. “सलाइन चाललंय ना, मग पोटात काहीतरी जातंय,” असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या पाचशे मिलीच्या बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाचएक चमचे. नुसत्या मिठाच्या सलाइनमध्ये मीठ साडेचार ग्रॅम आणि अन्न शून्य. तेवढ्यावर माणूस जगत नाही, फक्त सुकत नाही. आमच्यात उपवासाला चक्कर आली की “सलाइन लावून घे, त्यानं उपवास मोडत नाही” असं सांगणाऱ्या बायका आहेत. मोडतो की नाही हे मी सांगणारी कोण, पण शिरेत साखर सोडून घ्यायची आणि जिभेला कळलं नाही म्हणून उपवास धरायचा, हा हिशेब मला दुकानदारीचा वाटतो. सलाइन लागलं तर घ्यावं आणि उपवास सुटला असं सरळ म्हणावं. त्यात लाज कसली?

पण हे बोलणं सोपं, कारण ते दुसऱ्यांच्या उपवासाबद्दल होतं. अक्कांच्या रात्रीचा प्रश्न आला तेव्हा माझीच जीभ अडली. पन्नास वर्षांहून जास्त काळ त्यांचा रात्री चारही आहारांचा त्याग होता. खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय, काहीच नाही. लग्नाघरी, प्रवासात, आजारातसुद्धा सूर्य मावळायच्या आत अंथऊ. दवाखान्यातल्या तक्त्यावर मात्र दर दोन तासांनी दोनशे मिली, रात्री दहा आणि बारा धरून. त्यांचं व्रत पहिल्याच रात्री मोडलं आणि ते मोडल्याचं त्यांना सांगायचंही कुणाला सुचलं नाही. घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून मी वेळा बदलल्या. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत सात वेळा, चौदाशे मिली. हिवाळ्यात दिवस लहान झाले तशा वेळा आणखी जवळ आणल्या. व्रत राखल्याचं समाधान फार मोठं होतं, माझंही आणि यजमानांचंही.

मार्गशीर्षात एका रात्री दोन वाजता मला जाग आली. अक्कांचं अंग घामानं थबथबलेलं, हात गार. त्यांना साखरेचा आजार होता, संध्याकाळी इन्सुलिन असे. यंत्रावर आकडा आला चोपन्न. मी खूण बघितली, डोकं वर केलं, तीन चमचे साखर कोमट पाण्यात विरघळवून नळीतून सोडली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. व्रताचा विचार मला आलाच नाही. तो पहाटे आला, भांडं घासताना. मग मी खूप वेळ विचार करत बसले की मोडलं ते कुणाचं? ज्या जिभेनं व्रत घेतलं होतं तिला एक थेंबही लागला नव्हता. घालणारी मी. आणि दिवसाच्या वेळा आवळून त्यांना रात्री उपाशी ठेवणारीही मीच. अक्का बोलत्या असत्या तर म्हणाल्या असत्या का, की मरू दे पण घालू नकोस? म्हणाल्या असत्याही. त्या तशा बाई होत्या. पण त्या बोलत्या असत्या तर त्यांनी इन्सुलिन घेतल्यावर अंथऊ नीट पोटभर केला असता, आणि हा प्रसंगच आला नसता. व्रत म्हणजे माणसानं स्वतःची सगळी व्यवस्था लावून पाळायची गोष्ट. मी पाळत होते ते अक्कांचं व्रत नव्हतं, अक्कांच्या व्रताचं वेळापत्रक होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं आणि रात्री नऊची एक वेळ परत धरायला सांगितली. मी धरली. बस्तीतल्या एकदोघींना ते कळलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त एकमेकींकडे बघितलं.

आता नळी उपटण्याबद्दल. माझ्या थोरल्या नणंदबाई एकदा आल्या, त्यांनी बांधलेला हात बघितला आणि रडत म्हणाल्या, “अक्का नको म्हणतीय तुम्हाला कळंना? तिला सल्लेखना हवी हाय. तुम्ही तिला बांधून खायला घालतासा.” यजमान तिथंच होते. ते म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत आईला उपाशी मारू?” मग पंधरा दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

आपल्या भागात सल्लेखना हा पुस्तकातला शब्द नाही. शांतिसागर महाराज इथलेच, भोजचे. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर छत्तीस दिवसांची त्यांची सल्लेखना बघून आलेली माणसं अक्कांच्या माहेरी होती. महाराजांची दृष्टी मंदावली होती, पायाखालचा जीव दिसेना, समिती पाळता येईना, म्हणून त्यांनी निर्णय घेतला. आंधळे झाले म्हणून जगायला कंटाळले असं नव्हे. समंतभद्र आचार्यांनी कारणं सांगितली आहेत, टळणार नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण, बरा न होणारा रोग. त्या यादीत अक्का दोन ठिकाणी बसत होत्या. पण त्याच ग्रंथात पुढे रीतही सांगितली आहे. आधी वैर-मोह सोडून सगळ्यांची क्षमा मागायची, मग अन्न हळूहळू कमी करून दुधासारख्या पातळावर, तिथून ताक-पाण्यावर, आणि मग शक्ती बघून उपवास. लवकर मरण यावं ही इच्छा तिथं दोष मानली आहे, आणि जगत राहावं ही इच्छाही.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना-संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली तेव्हा आपण देशभर मूक मोर्चे काढले. आमच्या घरातूनही दोघी गेल्या होत्या. महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या वेळी आपण सगळे काय सांगत होतो? की ही उपासमार नव्हे, हा आपणहून, शुद्धीवर असताना, गुरूंच्या संमतीनं, पायरी-पायरीनं केलेला त्याग आहे. न्यायाधीशांना जे पटवायचा आपण प्रयत्न केला ते आपल्या घरातल्या पलंगाजवळ विसरून कसं चालेल? नाकातली टोचणारी वस्तू ओढून काढणं म्हणजे त्याग, असं जर आपण म्हटलं तर मोर्च्यातला आपला एकेक शब्द खोटा ठरतो.

त्या चातुर्मासात गावात एक माताजी होत्या. नणंदबाईंनीच त्यांना घरी यायची विनंती केली. माताजींनी अक्कांना णमोकार ऐकवला, थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या आणि आम्हाला एकच प्रश्न केला, “यांना विचारलंत का?”

विचारलं नव्हतं. आम्ही तिघंही अक्कांच्या वतीनं भांडत होतो. मग मी विचारायला लागले. ‘हो’ असेल तर डोळे मिटा, ‘नाही’ असेल तर माझा हात दाबा. तुमचं नाव विचारलं, डोळे मिटले. भलतंच नाव घेतलं, तरी डोळे मिटले. हा तुमचा मुलगा ना? हात दाबला. रोज सकाळी, त्या ताज्या असताना, आठ दिवस मी हे केलं. कधी सगळी उत्तरं बरोबर, कधी सगळी उलट. शेवटच्या दिवशी मी विचारलं, “अक्का, नळी काढायची?” त्यांनी डोळे मिटले आणि त्याच वेळी माझा हातही दाबला. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ज्याला जे हवं ते त्यातून त्यानं घेतलं असतं.

म्हणजे मला कळलं ते एवढंच. त्यांना सल्लेखना हवी होती असं मी म्हणू शकत नाही. नुसतीच नळी टोचत होती असंही मी म्हणू शकत नाही. पूज्यपादांनी अकामनिर्जरेचं उदाहरण देताना कैदखान्यात बांधलेला माणूस घेतला आहे. तहान, भूक, जमिनीवर झोपणं, अंगावरचा मळ, हे त्याला नाइलाजानं सोसावं लागतं, पण त्या सोसण्यानंही काही कर्म झडतं. व्रत म्हणून नव्हे, तरी वायाही नाही. हे वाचून मला बरं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की यात कैद्याचं भलं असेल, पण कैदखाना चालवणाऱ्याचं काय?

अरुणा शानभाग यांची गोष्ट आपल्यातल्या वाचणाऱ्या बायकांना माहीत आहे. त्या उत्तर कन्नडच्या हळदीपूरच्या, मुंबईच्या केईएममध्ये नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांचा मेंदू गेला, आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच हॉस्पिटलात होत्या. त्यांना अन्न देणं थांबवावं म्हणून त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये न्यायालयानं ते नाकारलं, कारण तिथल्या परिचारिका त्यांना सांभाळत होत्या आणि सोडायला तयार नव्हत्या. एवढी वर्षं अंथरुणावर, पण पाठीला जखम नाही. पूर्वी मला वाटायचं, विराणींचं बरोबर, हे काय जगणं आहे? अक्कांना दर दोन तासांनी कूस बदलायला लागल्यावर कळलं की बिनजखमेची पाठ म्हणजे काय असतं. तरी मी असं म्हणत नाही की परिचारिकाच बरोबर होत्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवायचा मार्ग मोकळा केला, २०२३ मध्ये तो सोपा केला. मी माझी लिहून ठेवली आहे. अक्कांनी लिहिली नव्हती, त्यांच्या पिढीत कुणीच लिहिली नव्हती. मला त्या परिचारिकांचं जे आठवतं ते वेगळं आहे. त्या पुष्कळ जणी होत्या. एक निवृत्त झाली की दुसरी येई.

शिवार्यांच्या भगवती आराधनेत सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक सांगितले आहेत. चार-चारांच्या तुकड्या. चौघांनी त्याला उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. चौघांनी धर्म सांगायचा. चौघांनी आहाराचं बघायचं, चौघांनी पाण्याचं. चौघांनी मलमूत्र काढायचं. चौघांनी दारात थांबायचं, चौघांनी रात्र जागवायची. काळ वाईट असेल तर कमी चालतील, पण निदान दोन हवेतच, एकट्यावर टाकू नये. हे मी पूर्वी वाचलं होतं तेव्हा मोठेपणा वाटला होता, मुनींचा थाट. आता तो मला दवाखान्याच्या ड्यूटीचा तक्ता वाटतो, आणि लिहिणाऱ्यानं आजारी माणूस जवळून बघितला होता हे दिसतं.

अठ्ठेचाळीस माणसं असलेल्या ठिकाणी कुणाचा हात बांधावा लागणार नाही. एक जण तो हातात धरून बसेल. बंध आणि अन्नपाननिरोध यांच्या मधोमध मी अडकले होते ती शास्त्राची चूक नव्हती. मी एकटी होते म्हणून अडकले होते. बावीस रोग्यांना दोघी असलेली ती सिस्टरही तशीच. कुणी मुनी समाधीला बसले की तीन तालुक्यांतून माणसं लोटतात, सेवेला नंबर लावावा लागतो, जेवणावळी उठतात. वैयावृत्त्य हे तप आहे, तीर्थंकरप्रकृती बांधणाऱ्या सोळा कारणांत ते आहे, हे प्रवचनात ऐकून आपण माना डोलावतो. आमच्या घरी सात महिन्यांत दीडेकशे माणसं येऊन गेली असतील. शहाळी आणली, केळी आणली, जी अक्का खाऊ शकत नव्हत्या. दहा मिनिटं बसली, “पुण्य करालीस बाई” म्हणाली, चहा पिऊन गेली. “आज रात्री मी हात धरून बसते, तू झोप,” असं म्हणणारी एकच निघाली, समोरच्या घरातली मुसलमान बाई, जिच्या हातचं पाणीही अक्का घेत नसत. ती सहा रात्री बसली. त्या सहा रात्री पट्टी बांधली नाही, आणि त्यांतल्या पाच रात्री नळी जागच्या जागी राहिली. अक्कांची बोटं तिच्या बोटांत घट्ट अडकवलेली मी पहाटे बघितली आहेत. मला तेव्हा आनंदही झाला आणि फार शरमही वाटली.

पुढे आम्ही तोडगा काढला. हाताला मऊ मोजा घालून आत कापसाचा गोळा द्यायचा, म्हणजे बोटांत काही धरता येत नाही, हात मात्र हलतो. बांधण्यापेक्षा बरा, पण तोही बंधच, जरा सैल. दुपारी दोन तास आणि संध्याकाळी एक तास हात पूर्ण मोकळा, कुणीतरी शेजारी. नणंदबाईंनी आठवड्यातून दोन दिवस यायचं कबूल केलं आणि पाळलं. आमचं भांडण मिटलं असं नाही, हात धरून बसल्यावर भांडायला वेळ राहिला नाही.

सातव्या महिन्यात अक्कांच्या छातीत कफ भरला. न्यूमोनिया. त्याच्या दोन दिवस आधी पेज घातल्यावर दारात कुणीतरी आलं म्हणून मी त्यांना अर्ध्या तासाच्या आधी आडवं केलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालं असं नाही, नळी असणाऱ्यांत लाळही आत जाते, हे होतंच. मी तो दिवस अजून मोजत असते. प्रमत्तयोग म्हणजे काय हे मला आता कुणी समजावून सांगायला नको. व्हेंटिलेटर लावायचा का असं विचारलं, यजमानांनी नको सांगितलं, नणंदबाईंनी मान हलवली. पेज पचेना, उलटून यायला लागली, तेव्हा डॉक्टरांनीच ती बंद केली आणि नळी काढली. शेवटचे तीन दिवस ओठांना ओला कापूस. नाकात काही नव्हतं, त्यामुळे डाव्या हातानं काही ओढलं नाही. तो बराचसा वेळ माझ्या मनगटावर होता. णमोकार चालू होता. त्याला मी सल्लेखना म्हणत नाही, कुणी म्हटलं तर भांडतही नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका काकूंना अशीच नळी लागली. त्यांची सून नोकरीला जाते. आम्ही चौघीजणींनी रात्री वाटून घेतल्या आहेत, मी, माझ्या जाऊबाई, बस्तीतल्या एक आणि समोरच्या बाई. तक्ता त्यांच्या फ्रिजवर चिकटवलाय. बाकीच्या तीन रात्री अजून रिकाम्या आहेत, त्या रात्री त्यांचा हात बांधतात. गुरुवार माझा. जाताना मी विणकाम घेऊन जाते, पण ते होत नाही, कारण एक हात अडकलेला असतो.